गाडी थंड पाहिजे

"शमशू मिस्त्रीनं नाट लावला." आमच्या गल्लीत आजही कुणी हे वाक्य सहज बोलून जातं आणि माझं डोकं फिरतं. चांगल्या कामाच्या तोंडावर वाकडं बोलून ते काम नासवायचं, याला आमच्याकडे नाट लावणं म्हणतात. मी शाळेत बाई आहे. पोरांवर ओरडून कमावलेला आवाज माझ्याकडे आहे, आणि तरीही या वाक्याला जिथं उत्तर द्यायला हवं होतं तिथं मी दिलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मिस्त्रीचं चरित्र मला ठाऊक नाही. कुठं जन्मला, कुणाच्या हाताखाली शिकला, मी कधी विचारलं नाही. मला ठाऊक आहे तो गाडीखाली उताणा पडलेला माणूस. चपला बाहेर नीट काढून ठेवलेल्या, करड्या पायजम्याचे दोन पाय दिसताहेत आणि आतून आवाज येतो आहे, "बाई, बॅटरी जरा हिकडं धरा." केजमध्ये अंबाजोगाई रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड होतं. दुरुस्तीची कामं तिथं चालायचीच, पण त्याचं नाव होतं ते जुन्या गाड्या पारखण्याबद्दल. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मिस्त्रीला सोबत न्यायचं, तो बघेल, आणि त्याने हो म्हटलं की घ्यायची. त्याचा हो मिळणं अवघड होतं. "लई झकास हाय" असं तो कुठल्याही गाडीला म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. फार तर म्हणायचा, "न्यायला हरकत न्हाई." आणि नसली आवडली तर हात पुसत म्हणायचा, "मला न्हाई आवडली," आणि का नाही आवडली ते विकणाऱ्याच्या तोंडावर सांगायचा.

त्याची हत्यारं तीन. खाली अंथरायला गोणपाट, एक बॅटरी आणि फुटक्या कर्ण्यातून काढलेलं लोहचुंबक. ते चुंबक तो रुमालात गुंडाळून गाडीच्या अंगावरून फिरवायचा. पत्रा असेल तिथं ते चिकटायचं. ठोकर बसलेली जागा पुट्टी भरून, वरून रंग मारून झाकलेली असली की तिथं ते घसरून खाली यायचं. ते घसरलं की मिस्त्री विकणाऱ्याकडे बघायचासुद्धा नाही, नुसतं चुंबक परत त्याच जागी लावायचा आणि परत घसरू द्यायचा. बॉनेट सगळ्यात शेवटी उघडायचा. "ते दाखवायचं तोंड हाय," म्हणायचा, "पावडर लावलेलं." आधी पायाखालची मॅट उचलून खालचा पत्रा बघणार, तिथं नाक नेऊन वास घेणार, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्यावर चिखलाची रेघ आहे का पाहणार. मीटरवरच्या आकड्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याऐवजी तो ब्रेकच्या पायट्याचं रबर अंगठ्याने चाचपायचा. मीटर मागं फिरवता येतं, झिजलेलं रबर कुणी भरून आणत नाही.

गाडी का विकताय, एवढा एकच प्रश्न तो विकणाऱ्याला विचारायचा. "कावून इकायलात?" आणि गप्प बसायचा. समोरचा माणूस पहिलं उत्तर द्यायचा, मिस्त्री गप्प. मग दुसरं उत्तर यायचं, मग तिसरं. तीन उत्तरं आली की मिस्त्री गोणपाट गुंडाळायला घ्यायचा.

आणि विकणाऱ्याच्या घरचा चहा तो घ्यायचा नाही. कितीही आग्रह झाला तरी नाही. "त्याचा चहा पिल्यावर त्याच्या गाडीला वाईट कसं म्हणू?" असं त्याचं साधं म्हणणं होतं. घेणाऱ्याला वाटायचं, मिस्त्री चहाच घेत नाही. त्यामुळे त्याला चहा विचारायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच येत नसे.

माझी त्याची ओळख माझ्याच गाडीवरून झाली. माझी बदली आडबाजूच्या शाळेवर झाली होती, एसटी वेळेवर नाही, जीपमध्ये पोत्यासारखं कोंबून घ्यायचं. मी लायसन काढलं आणि घरात सांगितलं की छोटी गाडी घेणार. घरातले पुरुष हसले. दादा, माझा मोठा भाऊ, म्हणाला, "तू चालवणार? मग रस्त्यावर आमी चालावं का न्हाई?" त्या रागातच मी मिस्त्रीच्या शेडवर गेले. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "बघू. पण आधी फोन करून सांगा, आमी यायच्या आधी गाडी चालू करायची न्हाई. गाडी थंड पाहिजे."

पहिली गाडी चौसाळ्याला होती. सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो, मांजरसुंब्याला उतरून दुसरी धरली. गाडी धुऊनपुसून दारात उभी होती, मला तर बघताक्षणी आवडली. मिस्त्रीने जवळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच मागे घेतला.

"गरम हाय."

"ऊन लागलंय," मालक म्हणाले.

"ऊन तर आजून मला बी लागंना," मिस्त्री म्हणाला. "चला बाई."

झालं एवढंच. दोन एसट्या बदलून गेलो आणि तळहातभर गाडी बघून परत. थांब्यावर मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. निदान आत तरी बघायचं, एवढ्या लांब आणलं मला. तो ऐकून घेत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "बाई, रातभर उभी राहिलेली गाडी सकाळी पयल्यांदा चालू करताना खरं बोलती. खोकती का, धूर कसला सोडती, किती बारीने उठती. ह्यानं आपल्या आधी तिला उठवून, खोकून घेऊन, तोंड धुऊन बशिवली. फोनवर सांगितलं व्हतं तरी. जो एवढी एक गोष्ट पाळंना, त्याच्या गाडीत काय बघायचं?"

शिक्षकाला उत्तर सुचत नाही तेव्हा तो विषय बदलतो, तसा मी बदलला.

दुसरी गाडी केजमध्येच होती. तिथं त्याने मला गोणपाट हातात दिलं. "तुमीच बघा. मी नुसता उभा राहतो." चार पुरुष भोवती उभे, आणि मी पंजाबी ड्रेस सावरत गाडीखाली. कुणीतरी फिसकन हसलं. मिस्त्री त्याच्याकडे बघून म्हणाला, "तुमी येता का खाली? जागा हाय." हसणं बंद झालं. मी चुंबक फिरवलं, मागच्या दाराखाली ते घसरलं. पायट्याचं रबर चाचपलं, ते एका कडेला पार गुळगुळीत. बाहेर आले, कपडे झटकले आणि आयुष्यात पहिल्यांदा चार पुरुषांच्या मधोमध म्हणाले, "मला नाही आवडली." गोणपाट घेताना मिस्त्रीने मान हलवली. तिसरी गाडी त्याच्या शब्दावर घेतली. ती अजून चालते आहे.

त्याला राग यायचा तो आमच्या लोकांच्या गाडी निवडायच्या रीतीचा. आमच्याकडे गाडी कशी आहे हे नंतर, आधी ती कुणाची होती ते विचारतात. घाटनांदूरचे एक बागायतदार एकदा शेडवर आले. एका पुढाऱ्याची गाडी विकायला निघाली होती आणि यांना तीच हवी होती. नंबर तोच ठेवायचा म्हणे, नाक्यावर पोलीस सलाम करतात. मिस्त्री म्हणाला, "पुढारी मागं झोपतो. गाडी चालिवतो डायवर. पाच वर्षांत डायवर किती बदलले ते इचारा. त्येंच्यातल्या एकाला तरी ती आपली वाटली का ते इचारा. इंजन गरम व्हायची वाट बघितली का कोणी? सभेला उशीर झाला, मार खड्ड्यातून. तुमी नंबर इकत घेयालात, खाली गाडी फुकट येयालीय, ती बी नको असली." बागायतदार रागावून गेले आणि ती गाडी घेऊनच आले. पुढच्या उन्हाळ्यात ती मिस्त्रीच्या शेडमध्ये इंजिन उतरवून पडली होती. मिस्त्रीने मुकाट्याने काम केलं. त्याच्या जागी मी असते तर बोलले असते.

आता दादाचं सांगते. दादाचं दुकान चालेना, तेव्हा त्याने केज ते अंबाजोगाई प्रवासी जीप चालवायचं ठरवलं. गाडीबाजारात एक पांढरी मोठी गाडी त्याला पसंत पडली. मी म्हटलं, "मिस्त्रीला दाखव." तो म्हणाला, "दाखवू की." आणि दाखवायचा दिवस त्याने निवडला तो गाडी घरी न्यायचा दिवस. मी मिस्त्रीला घेऊन पोचले तर गाडीला झेंडूचा हार चढलेला, वैनींच्या हातात ताट, फुटलेला नारळ चाकापाशी, पेढे वाटून झालेले. मिस्त्रीने हाराकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हाच त्याने परत जायला हवं होतं. पण मी बोलावलं होतं म्हणून तो थांबला.

आमच्या माणसांची ही रीत मला आजवर कळलेली नाही. पारख्याला बोलवायचं, पण हार घातल्यावर. त्याने फक्त पेढा खाऊन हो म्हणायचं.

मिस्त्री खाली गेला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. बाहेर आला तेव्हा त्याने मधल्या दारापाशी चुंबक लावलं, ते खाली पडलं. मॅट उचलली आणि खालच्या पत्र्यावरून आडवं बोट ओढत नेलं, या दारापासून त्या दारापर्यंत.

"ही एक गाडी न्हाई," तो दादाला म्हणाला. "ह्या दोन हायेत. पुढची एकीची, मागची दुसरीची. मधी वेल्डिंग मारून जोडल्यात. मोकळी फिरवायची तर फिरवा, पण माणसं भरून ही चालवू नका. मधून मोडंल."

गाडीबाजारवाला शेठ हसत म्हणाला, "मिस्त्री, तुमचं कमिशन ठरलं न्हाई म्हणून का?" वैनींच्या डोळ्यात पाणी आलं. "शुभ टायमाला असं बोलत्यात का वो? नाट लावला ना." दादा माझ्याकडे रागाने बघत होता, हे संकट मी आणलं होतं. मी म्हटलं, "दादा, ऐक तरी." तो म्हणाला, "आता हार घातला. उतरवून घरी जाऊ का? लोक काय म्हणतील?"

मिस्त्रीने गोणपाट गुंडाळलं, सायकलला अडकवलं आणि निघून गेला. गाडी हारासकट आमच्या दारात आली. शेजारी बघायला आले. मीही त्यात बसून एक फेरी मारली, हेही सांगून टाकते.

नऊ महिने ती धावली. रोज संध्याकाळी दादा मला ऐकवायचा, "मोडली का गं? बघ की, कुठं मोडली?" मग एका दुपारी, गाडी माणसांनी भरलेली असताना, रस्त्याच्या कामावरच्या एका खोल चारीत पुढची चाकं गेली आणि गाडी मधून वाकली. अगदी मिस्त्रीने बोट ओढलं होतं तिथून. दारं अडकली, पत्रा कापून माणसं काढावी लागली. जीव कुणाचा गेला नाही. भाजी विकायला निघालेल्या एका बाईचा हात कायमचा अधू झाला. दादाच्या गुडघ्याचा चुरा झाला.

दवाखान्यात माणसांची रीघ लागली. दादा पलंगावर, पाय टांगलेला, वैनी उशाशी. आलेल्या प्रत्येकाला वैनी तेच सांगायच्या, "मिस्त्री बोलला आन् तसंच झालं." माझ्या डोळ्यांसमोर मिस्त्रीच्या इशाऱ्याचा शाप होत होता. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "बाई, तुमच्या समोर बोलला व्हता ना शमशू, मोडंल म्हणून?"

मी म्हटलं, "हो. बोलला होता."

मला वाटलं मी त्याच्या बाजूने साक्ष देते आहे. त्या खोलीतल्या माना हलल्या तेव्हा कळलं की साक्ष विरुद्ध बाजूची झाली. शिकलेली बाई सुद्धा सांगते म्हणजे नाट खराच. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. तो बोलला म्हणून नाही मोडली, मोडणार होती म्हणून तो बोलला. शाळेतल्या पोरांना मी हे कारण आणि परिणाम म्हणून शिकवते. पण दादा कण्हत होता, वैनी रडत होत्या, आणि मी गप्प बसले. मला दुसऱ्या कुणाचा जितका राग आहे त्याहून त्या गप्प बसलेल्या बाईचा जास्त आहे.

मग ते वाक्य दवाखान्यातून गल्लीत गेलं, गल्लीतून बसस्टँडवर. ज्या शेठने दोन गाड्यांची एक करून विकली त्याला कुणी बोल लावला नाही, त्याच्याकडून लोक अजूनही हार घालून गाड्या नेतात. मिस्त्रीला मात्र गाडी बघायला बोलावणं बंद झालं. आपली गाडी त्याच्या शेडवरून न्यायची नाही म्हणून लोक वळसा घालू लागले. काहींनी त्याच्या धर्मापर्यंत मजल नेली, ते इथं लिहून मी माझा कागद खराब करणार नाही. मी एकदा शेडवर जाऊन माफी मागायला लागले, तर तो ट्रॅक्टरचं चाक खोलत होता. "तुमी खरं तेच बोललात, बाई," एवढंच म्हणाला. "पाना द्या तेवढा."

दीड वर्षाने दादा काठी टेकत चालू लागला आणि त्याने परत गाडी घ्यायचं काढलं. गाडी दुसरी, बाजार दुसरा, चालवायला ड्रायव्हर ठेवणार. एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन आवाज खाली करून म्हणाला, "सुमन, तेवढं मिस्त्रीला इचार की. पण त्याला गाडीपाशी आणू नको. फोनमधी व्हिडिओ काढून दाखव."

म्हणजे याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. शब्द खरा होता हे ठाऊक होतं, फक्त तो बोलणारा माणूस जवळ नको होता. मी दादाला त्या दिवशी जे बोलले ते त्याने जन्मात ऐकलं नसेल, आणि मग तोच निरोप घेऊन मिस्त्रीकडे गेले, कारण त्या गाडीत माणसं बसणार होती.

मी काही लपवलं नाही. जसं दादा बोलला तसं सांगितलं. मिस्त्रीने हात पुसले.

"फोनमधी वास येत न्हाई, बाई. तुमीच बघा." आतून रुमाल आणला, चुंबकासकट, आणि माझ्या हातात ठेवला. गोणपाट दिलं. "आन् मी रस्त्याच्या पलीकडं उभा राहतो. तिथनं काही कुणाला नाट लागणार न्हाई. इंजन चालू केलं की मला पलीकडून बी ऐकू येतंय. फोन करून सांगा तेवढं, गाडी थंड पाहिजे."

मी स्वतः फोन केला. दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही पोचलो. दादा, वैनी, मी. वैनींच्या पिशवीत नारळ होता, हारही होता. गाडी पत्र्याच्या सावलीत उभी होती, धुतलेली. रस्त्याच्या पलीकडे एक पाय जमिनीवर टेकवून मिस्त्री सायकलवर उभा होता. दादाने त्याला बघितलं आणि मान फिरवली.

मी बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच मागे घेतला.

गाडी विकणारा म्हणाला, "सकाळचं ऊन लागलं असंल, ताई."

मी पलीकडे बघितलं. एवढ्या लांबून त्याला आमचं बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं. पण त्याने माझा मागे आलेला हात पाहिला होता, आणि तो सायकल वळवत होता. त्याचं काम झालं होतं.

"मला नाही आवडली," मी म्हटलं. मग तिथं जमलेल्या सात-आठ माणसांकडे वळले आणि शाळेचा आवाज लावला. "आणि एक ऐका. मागची गाडी दोन गाड्यांची एक केलेली होती. मिस्त्रीने बोट लावून दाखवलं होतं. आम्ही हार उतरवायला लाजलो म्हणून माझ्या भावाचा पाय गेला आणि एका बाईचा हात गेला. नाट मिस्त्रीने लावला नाही. मी तिथं होते."

वैनी पिशवीतल्या नारळावर हात ठेवून खाली बघत राहिल्या. दादा काठी टेकत रस्त्याच्या कडेपर्यंत गेला. मिस्त्री सायकल हाकत केजच्या दिशेने निघाला होता, मागचं कॅरियर रिकामं, गोणपाट माझ्याजवळ होतं. मी त्याला पाहिलं ते हे शेवटचं. पुढच्या महिन्यात शेड बंद करून तो लेकीकडे परभणीला गेला.

दादा तिकडे बघत म्हणाला, "चहा तरी घेऊन जायचं की त्यानं."

"तो विकणाऱ्याचा चहा पीत नाही, दादा," मी म्हटलं. "आपला आपण कधी विचारलाच नाही."